चौकटीवरचा ओला थर

आई, काल नव्या रायपुरात मी एका बाईला तिच्या घराची पूजा थांबवायला लावली. तू असतीस तर आधी रागावली असतीस, मग कारण विचारलं असतंस.

आता इथे घरं छापतात. हसू नकोस. मोठं यंत्र फिरत जातं आणि त्याच्या तोंडातून काँक्रीटचा जाड पट्टा पडत जातो, एकावर एक, तू सोऱ्यातून कुरडया पाडायचीस तसा. खालचा थर वरच्याचा भार पेलण्याइतका घट्ट हवा, आणि त्याला धरून ठेवण्याइतका ओलाही. घाई केली तर भिंत फुगून बसते, थांबलं तर थर थराला धरत नाही. मागे नमुन्याची भिंत छापताना पंप अडला होता. पुढे ती तिथूनच सुटली, पोळीचे पदर सुटावेत तशी.

काल दारावर तुळई ठेवायला यंत्र जरा थांबवलं, तेवढ्यात मालकीण पूजेची थाळी घेऊन उभी. पंडितजी तेलीबांधा चौकातल्या गर्दीत अडकलेले. "भैया, बस दस मिनट. बिना पूजा के चौखट पर दीवार चढ़ाओगे?" ऑपरेटर म्हणाला, "दीदी, धूप देखो, दस मिनट में ये पापड़ हो जाएगा." तिचे डोळे भरले. "घर एक ही बार बनता है, भैया."

मलाही वाटत होतं, थांबावं. बिनपूजेची चौकट माझ्याही मनाला पटत नाही. आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. तू देवापुढे आरती करते आहेस, चुलीवर दूध वर येतंय. ताट माझ्या हातात कोंबून तू धावतेस. मी ओरडतो, "आई, आरती अर्धीच राहिली!" पातेलं उतरवत तू म्हणतेस, "काहून बोंबलून राहिला? देव थांबते रे पोट्ट्या, दूध थांबते काय?"

तेच मी तिला हिंदीत सांगितलं. थाळी खाली ठेवत ती म्हणाली, "हव भैया, तुंहर दाई ठीक कहत रिहिस." इथे आईला दाई म्हणतात; तुझी आई बरोबर सांगायची, म्हणाली. यंत्र सुरू झालं.

थरांचं सगळं मला आमच्या इंजिनियर साहेबांनी शिकवलं. देवाला थांब म्हणायची हिंमत मात्र तुझ्याकडची.

संध्याकाळी पूजा झाली, नारळ फुटला, तिनं मलाही टिळा लावला. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगतो. सगळे डोळे मिटून उभे होते, तेव्हा मी दारावरचा सांधा नखानं खरवडून पाहत होतो. घट्ट होता. मग हात जोडले.