सब सेट है

धार

तीर्थस्वरूप माईस, तुझ्या धाकट्या भावाचा, भैयासाहेबाचा साष्टांग नमस्कार. इकडे माझी प्रकृती ठणठणीत, मन मात्र थाऱ्यावर नाही. तुझा गुडघा कसा आहे? (खरं सांग. फोनवर 'बरा' म्हणतेस तेव्हा मागून कण्हणं ऐकू येतं.)

पत्र मुद्दाम लिहितोय. फोनवर बोलायची सोय नाही, सूनबाईचे, म्हणजे नेहाचे, कान तिखट आहेत. भाषाही जड वापरतो, म्हणजे हिंदी शाळेत शिकलेल्या आमच्या लेकाच्या, अमनच्या हाती पडलं तरी तो 'किंबहुना'पाशीच अडेल. माई, या घरात माझ्याविरुद्ध कट शिजतोय आणि त्याचं नाव आहे 'सेट'.

आपल्या वेळी सेट म्हणजे टीव्ही, नाहीतर चहाचे कप. आता दही सेट होतं, नेहाचे केस सेट होतात, अमनची बदली सेट होते आणि मनावर गावाला जाणाऱ्या बसमधली खिडकीची जागासुद्धा कोपऱ्यावरचा पानवाला "हो जाएगी सेट, भिया" म्हणून मिळवून देतो. अशात परवा नेहा फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं, "देवास का भी हो जाएगा, पहले बाबा को सेट करना पड़ेगा." मी काय दही आहे? दुसऱ्याच दिवशी सुतार येऊन माझ्या शेजारच्या खोलीचं माप घेऊन गेला. अमनला विचारलं तर म्हणे, "बाबा, टेंशन मत लो, सब सेट है." तेव्हाच ओळखलं. मला देवासला तुझ्या गळ्यात बांधून इथे भाडेकरू ठेवणार! संशय तर तुझाही येतो. रविवारी तू विचारलंस, "तुझं सगळं सेट ना रे?" हा शब्द तुला कुणी शिकवला? मी धार सोडणार नाही, किंबहुना तुझ्याकडेही येणार नाही.

तुझा (अजून तरी) भाऊ,
भैयासाहेब

ता. क. : पाकीट चिकटवताना नेहानं गाठलंच आणि सगळं सांगितलं. खोली तुझ्यासाठी आहे. अशा गुडघ्यानिशी तुला देवासला एकटं ठेवायचं नाही, पण तू ऐकणार नाहीस, म्हणून आधी मला पटवायचं होतं. तुझ्याशी भांडायची सवय फक्त मला. "अब माई को आप सेट करो," म्हणाली.

पुन्हा ता. क. : तू जन्मात कुणाला सेट झाली नाहीस, मला कुठली होणार? म्हणून सरळ लिहितो. मी देवासला येणार नाही हे वर लिहिलंच आहे, तेव्हा तूच ये. मला करमत नाही गं.