शेवटचा नळ

२ मार्च

पोचलो एकदाचे! टेम्पोवाल्यानं कपाटाचा पाय मोडला आणि वर मलाच ऐकवलं की कपाटच मुळात तकलादू होतं. मी त्याची चांगली खरडपट्टी काढणार होते, पण ठकी नव्या घरभर धावायला लागली आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे गॅलरी. गल्लीतलं अगदी शेवटचं घर, पुढे नुसता माळ. खाली घरमालकीण शिंपीणकाकू राहतात, त्यांचं मशीन दिवसभर खडखडत असतं. बाई फार अगत्याच्या. सामान वर चढायच्या आत पाण्याचे पेले घेऊन हजर. ठकीनं तिचा पेला एका दमात संपवला आणि आणखी मागितलं. माझा मी हळूच गॅलरीतल्या कुंडीत ओतला. काय करणार, पाणी तपासायचीच नोकरी आहे माझी. तपासल्याशिवाय आणि उकळल्याशिवाय माझ्या घशाखाली थेंब उतरत नाही. आमचे हे म्हणतात, हिला नुसतं पाणी चालत नाही, सही-शिक्क्याचं पाणी लागतं. हे महिनाअखेरीला येतील, तिकडचं काम आटोपलं की. तोवर मी, माझी पाच वर्षांची लेक आणि तीन पायांचं कपाट. मजा येणार आहे!

४ मार्च

कामाचा पहिला दिवस. गावाबाहेर पंपाची खोली, तिला लागून माझी प्रयोगशाळा (एक टेबल, एक बेसिन, भरपूर धूळ) आणि बाजूला गावाची उंच टाकी. मदतीला चावीवाला आहे. कुठल्या गल्लीला कधी पाणी सोडायचं ते त्याच्या हातात, त्यामुळे रुबाब कलेक्टरचा. गप्पिष्ट आहे, पण माणूस वाईट नाही.

आल्या आल्या नळाच्या पाण्यात तपासणीचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. पिवळं झालं की आम्ही खूश, जंतू मेले म्हणायचे. इथे काही म्हणजे काही झालं नाही. मी विचारलं, पावडरीची पोती कुठायत? चावीवाला ज्यावर पाय पसरून बसला होता तीच पोती! वर चादर, उशी, सगळा संसार. एकाचीही शिवण उसवलेली नाही. तो हसत म्हणाला की इथल्या पाण्याला औषध लागत नाही. टाकीवर शेवटची धुतल्याची तारीख लिहायला चौकट रंगवलेली आहे, तीही कोरी. मी डोक्याला हात लावला.

८ मार्च

जंतू वाढतात का ते बघायला काचेच्या बशांमध्ये पाणी ठेवलं होतं. एकही जंतू नाही. क्लोरीन नाही, टाकी धुतलेली नाही आणि पाणी आरशासारखं! माझा विश्वास बसेना. मग मी मुद्दाम एका बाटलीत गटारातला चमचाभर गाळ घातला. सकाळी पाहते तर गाळ गायब. तळाशी बसलाय म्हणावं तर तळही लख्ख. बाटली एवढी स्वच्छ झाली होती की हातात धरायला नको वाटलं.

गाळ गेला कुठे? कोणीतरी खाल्ल्याशिवाय असा जात नाही.

चावीवाल्याला दाखवलं. त्याला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. म्हणाला, गावात पोट बिघडल्याचं कुणी ऐकलंय का? सगळे थोडं थोडं पितात, सगळ्यांचं बरं चाललंय. ते 'थोडं थोडं' त्यानं अशा काही आवाजात म्हटलं की मला आवडलं नाही.

नियम तो नियम. उद्या औषध घालणार.

९ मार्च

चावीवाला आधी हसला, मग काकुळतीला आला, मग चादर-उशी काखोटीला मारून चक्क घरी निघून गेला. ठीक आहे, आपला हात जगन्नाथ. मीच पोती फोडली, मीच द्रावण कालवलं, मीच बादल्या घेऊन टाकीवर चढले. झाकण उघडलं. आत पाणी अगदी स्थिर होतं. औषध ओतलं तिथून ते मागे सरलं. म्हणजे मला तसं वाटलं. डोक्यावर ऊन होतं.

दुपारपर्यंत बाजारातल्या नळाला पिवळं, शाळेच्या नळाला पिवळं. गाव ओरडेल म्हणून मी पदर खोचून तयार होते, पण जो तो आपापल्या नळाशी वाकून कान देऊन उभा.

आमच्या घरच्या नळाला मात्र रंग नाही. त्यात नवल नाही. औषध वाटेत संपतं, टोकापर्यंत पोचत नाही. शेवटचा नळ पिवळा झाला तरच डोस बरोबर, हे मी शिकाऊ मुलांना घोकून घ्यायला लावायचे. उद्या वाढवेन.

१२ मार्च

शिंपीणकाकू बहिणीकडे निघून गेल्या. मशीनचं डोकं कापडात गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन. मी समोर गेले तर चांगल्याच कडाडल्या. म्हणाल्या, ते टाकीत सुखानं राहत होतं, गावभर वाटलं जात होतं, कुणाला जड नव्हतं. तू औषध घालून हुसकावलंस. आता औषधाच्या पुढे पुढे पळत सगळंच्या सगळं आपल्या टोकाला येऊन बसलंय. आणि म्हणाल्या, तुझी ओळख करून द्यायची म्हणूनच पहिल्या दिवशी पाणी आणलं होतं, तू ते कुंडीत ओतलेलं मी पाहिलं.

असल्या बाष्कळ गोष्टींवर मी विश्वास ठेवत नाही. तरी वर येऊन कुंडी पाहिली. रोप नाही. माती नाही. नुसती कुंडी, घासून पुसून ठेवल्यासारखी.

आणि ठकीनं मात्र आल्यापासून नळाचंच पाणी प्यायलंय. उकळलेलं तिला बेचव लागतं. मी रागवायचे, ती ओंजळ लावायची.

१३ मार्च

आज गल्लीला पाणी सोडायचा वार नाही. आमच्या नळाला पाणी आहे.

ठकी बेसिनपाशी स्टुलावर बसून नळाशी बोलत होती. विचारलं तर म्हणाली, त्याला वास सहन होत नाही, ते घाबरलंय. मी तिला उचलून आत आणलं. किती हलकी लागली! जेवणाला हात लावत नाही. अंग गार, पण ताप नाही, खोकला नाही, काही नाही.

टोकापर्यंत औषध पोचलं पाहिजे. जे काय असेल ते मरू दे. उद्या तिप्पट डोस.

१४ मार्च

पिवळं! आमचा नळ पिवळा! मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. ठकीच्या गालांचे इतके मुके घेतले की ती वैतागली. जिंकलो बाई. आता यांना फोन करून सगळी गंमत सांगते.

१५ मार्च

ठकीनं दिवसभर काही खाल्लं नाही. काही प्यायली नाही. मागतही नाही.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तिचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. मग आपला हात रुमालानं पुसत बसले. वजन काट्यावर पाहिलं, पुन्हा पाहिलं. म्हणाले, हिला काही झालेलं नाही, हिच्यात कसलाही दोष नाही. इतकं स्वच्छ मूल त्यांनी पाहिलं नव्हतं म्हणे. मोठ्या दवाखान्यात न्या असं सुचवलं, पण आमच्याकडे बघून नाही, खिडकीकडे बघून.

घरी येऊन तिला नळाच्या पाण्यानं चूळ भरायला लावली. तेच पाणी, थेंब टाकले की पिवळं होणारं. चूळ परत पेल्यात घेतली. थेंब टाकले.

रंग नाही. नुसतं नितळ.

देवा, मी काय करून बसले! शेवटचा नळ स्वयंपाकघरात नव्हताच. नळाखाली जो ओंजळ धरतो तिथे आमची लाइन संपते. मीच ते ढकलत ढकलत माझ्या लेकीत घातलं.

१७ मार्च

सकाळच्या बसनं निघालो होतो, मोठ्या दवाखान्यात. गावाची शेवटची घरं मागे पडली आणि तिचे ओठ तडकायला लागले. मग गाल. कागदासारखी सुकत चालली माझ्या मांडीवर. मी ओरडून बस थांबवली. तिला कडेवर घेऊन उलट धावत आले. गल्लीत शिरलो तशी ती हसायला लागली.

१९ मार्च

औषध बंद केलं. टाकी रिकामी करून साध्या पाण्यानं भरून घेतली. चावीवाला आला मदतीला. ठकीला टाकीवर नेलं. तिचे हात पाण्यात धरले. मी हात जोडून म्हटलं, जा. जा रे बाबा परत. चुकले मी.

नाही गेलं. ऊब मिळाल्यावर गार टाकीत कशाला जाईल कोण.

चावीवाला खाली उतरताना म्हणाला, मोठ्या टाकीत होतं ते. पोरगी केवढीशी.

२१ मार्च

तिची चप्पल पायात राहत नाही. फ्रॉकच्या आत—

नाही लिहवत.

गाळाच्या त्या बाटलीची आठवण येते सारखी. तळसुद्धा लख्ख होता.

२३ मार्च

ती रोज माझ्यासाठी पेला भरून आणते. नळ बंद असतो. पेला काठोकाठ असतो. मी रोज ओतून देते.

आज म्हणाली, त्याला माझ्यात जागा पुरत नाही. आई मोठी आहे ना, विचारतंय.

२४ मार्च

आमच्या यांना सगळं सांगायचं म्हणून फोन केला. काय सांगणार? म्हणाले, आवाज का असा, तब्येत सांभाळ, येतोच आहे. मी बरं म्हटलं.

ठकी आता उभी राहत नाही. मी तिला उचलते तेव्हा फ्रॉकच उचलल्यासारखं वाटतं. डोळे तेवढे तिचे आहेत. ते माझ्याकडे बघतात आणि ते घाबरलेले आहेत.

बस झालं.

आजही तिच्या उशाशी पेला भरलेला आहे. पहिल्यांदा तपासल्याशिवाय—

२५ मार्च

ठकी जेवली! मागून मागून जेवली. घाम आला तिला. सांडलं म्हणून मी ओरडले तर भोकाड पसरलं, आणि मी ते डोळ्यांतलं पाणी जिभेनं चाखून पाहिलं. खारट! माझं पोर मला परत मिळालं. मिळालं गं बाई!

मला भूक नाही. बरं वाटतंय. आतून कोणी झाडून काढतंय, एकेक खोली.

२८ मार्च

ठकीला उकळलेलं देते. स्वतः उकळते, स्वतः झाकते. माझ्या हातचं मात्र तिला घेऊ देत नाही, तिचं तीच ओतून घेते. नळाला चिकटपट्टी लावली आहे.

रात्री काय जेवले आठवत नाही. आईचा चेहरा आठवत नाही. लख्ख.

ते विचारतंय घरात आणखी कोण कोण—

३० मार्च

हे आज येणार. त्याआधी मी निघून जायचं ठरवलं होतं. माळावर, लांब, जिथे मी सुकेन आणि माझ्याबरोबर ते. ठकीला चावीवाल्याच्या बायकोकडे सोडायचं. सगळं ठरलं होतं. दारापर्यंत गेले. पाय उंबऱ्यापुढे नाहीत पडत.

म्हणून लिहून ठेवते. वही टेबलावर उघडीच ठेवीन. अहो, माझ्या हातचं काही घेऊ नका. ठकीला घ्या आणि तसेच—

रिक्षा थांबली.

ठकी जिन्यावर धावली, बाबा आले म्हणून ओरडतेय. हे तिला उचलून हसतायत. जिन्यातूनच म्हणाले, ऊन काय मी म्हणतंय, आधी पाणी दे.

ओरडायचंय मला. तोंड उघडत नाही. हे उजव्या हातानं लिहितेय, एवढाच माझा उरलाय. डावा पेला शोधतोय. मिळाला. नळ तर बंद आहे, पट्टी तशीच आहे, आणि पेला भर—