कडीवरची सही

दादा,

नवा भाग अंतराळस्थानकाला जोडला गेला तेव्हा नियंत्रण कक्षात टाळ्या वाजल्या. माझं लक्ष मात्र जोडावरच होतं. त्या जोडाची रबरी कडी मीच तपासली होती. तिच्यावर केसाएवढा ओरखडा दिसला होता, पण कडी बदलायची तर आठवडा गेला असता, म्हणून मी सही करून टाकली.

तेवढ्यात वर स्थानकातून तुझा आवाज आला, "दार उघडू का? सही आमच्या बहिणाबाईंची आहे, काळजी नाही." सगळे हसले. मी उठले आणि प्रमुखांना खरं ते सांगितलं.

"हे आत्ता सांगताय?" म्हणत त्यांनी तुला थांबवलं. मग तासभर आम्ही जोडातल्या हवेचा दाब बघत बसलो. तो हळूहळू उतरतच गेला. दार उघडलंच नाही.

माझी नोकरी गेली. तुला फक्त हवा गळते एवढंच कळवलंय. आज फोनवर तू उलट मलाच धीर दिलास, "वेडे, रडतेस काय? तुझ्या हातून अशी चूक व्हायचीच नाही."

मी नुसतं "हं" म्हटलं.

अजून चार महिने तुला तिथे डोकं शांत ठेवून काम करायचंय, म्हणून हे पत्र आत्ता पाठवत नाही. तू उतरलास की मीच सांगेन. मग माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी धाकटी