गुडघे टेकणारी गाडी

शनिवार, ४ नोव्हेंबर

टेकली! आज पुन्हा टेकली! नवरीच्या दारात आमच्या गाड्यांची रांग थांबली, यांनी बटण दाबलं आणि ते काळं धूड फुस्सकन खाली बसलं. बायकांनी किलकाऱ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. नवरीची आत्या म्हणाली, "आमच्याकडे सुना गुडघे टेकतात, यांच्याकडे गाडीसुद्धा टेकते! घरंदाज माणसं हो!" झालं. हे असे फुगले की स्टेअरिंग आणि पोट यांच्यात फट उरली नाही.

आता प्रत्येक मागणीच्या समारंभाला आमचीच गाडी हवी सगळ्यांना. पण निघताना मागची डावी बाजू वर उठेचना. खालून नुसती घरघर, दमेकऱ्यासारखी. कंपालाला घरी पोचेपर्यंत माझा जीव टांगणीला.

सोमवार, ६ नोव्हेंबर

सकाळी गाडी अंगणात एका अंगावर कललेली. शेजारची नालोंगो कुंपणावरून म्हणते, "काय गं, रात्री जास्त झाली का तिला?" मीही हसले. पण मनातून नाही.

लुबोवा मिस्त्री आला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि खाली जपानी अक्षरं. जपानातून वापरून आलेली गाडी — कुणाच्या बापाला वाचता येतंय! लुबोवाने खालून एक तार ओढली. दिवा विझला. "बघा मामी, बरी झाली!" असं असतं तर डॉक्टरांनी थर्मामीटर फोडूनच ताप उतरवले असते! हे मात्र खूश.

बुधवार, ८ नोव्हेंबर

राहवेना. हे बाहेर गेल्यावर साबणाचं पाणी केलं आणि गाडीखाली शिरले. चाकाजवळ स्प्रिंगच्या जागी रबराचा फुगा आहे, हवेचा. सगळा भार त्याच्यावर. त्याच्या घड्यांत बारीक चिरा. पाणी ओतलं — बुडबुडेच बुडबुडे!

हे आल्यावर हात धरून दाखवलं. म्हणाले, "तू कपडे शिवतेस ना? मग शिवण बघ. गाडी मी बघतो."

शनिवार, ११ नोव्हेंबर

लिहिते कशीबशी.

मसाकाहून परतत होतो. लवेराच्या दलदलीतला तो सरळ रस्ता. अचानक खाडकन आवाज आणि गाडीचा मागचा डावा कोपरा बसला. टायर वर घासायला लागला, जळक्या रबराचा वास. गाडी शेपूट हलवावी तशी हलली आणि समोरून वाळूचा ट्रक! यांनी कसंबसं आवरलं. ट्रकवाल्याची शिवी स्पष्ट ऐकू आली मला, इतका जवळून गेला तो.

घरी आल्यावर यांनी सगळ्यांना सांगितलं, "कुत्रं आडवं आलं." कुठलं कुत्रं! मी शेजारच्या सीटवर होते ना!

रविवार, १२ नोव्हेंबर

भांडण. कडाक्याचं.

पुढच्या शनिवारी यांच्या पुतण्याची, सेम्वांगाची मागणी आहे, कालुंगूला. नवरदेवाची बहीण म्हणून आमची नाकिमेरा त्याच गाडीत जाणार. माझी एकुलती एक पोर! आणि रस्ता तोच, लवेराचा. मी म्हटलं, फुगे काढा, साध्या लोखंडी स्प्रिंगा घाला, एनदेबाच्या गॅरेजांत कुणीही घालून देईल. तर म्हणतात, "मग ती टेकणार कशी? कालुंगूची माणसं वाट बघतायत. माझी काही इज्जत आहे की नाही?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "या घरात एकच टेकेल. ती नाहीतर मी. ठरवा."

रात्रीचा चहा मी गुडघे न टेकता, उभ्याने दिला. लग्नानंतर पहिल्यांदा. कप हातात घेऊन माझ्याकडे बघतच राहिले.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

बातमी गावी पोचली. नालोंगोच्या तोंडात तीळ भिजत नाही. सासूबाईंचा फोन — "नवऱ्याला उभ्याने वाढतेस म्हणे? कुणी शिकवलं हे?" मी म्हटलं, "कंबर धरलीय आई." थाप! काय करू?

नाकिमेराचा नवा बुसुटी झगा शिवतेय, मागणीसाठीच. आरशासमोर गिरक्या घेत म्हणाली, "आई, अति करतेस हं. बाबा काय मला मारायला नेतायत?" सुई बोटात घुसली. झग्याच्या खांद्याची टीप दोनदा उसवली.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

हे सकाळपासून "गाडी धुवायला". दिवेलागणीला परतले. गाडी धुतलेली नाही आणि नखं काळी. ताटातलं केळ्याचं मटोके संपवलं. मी उभीच.

शनिवार, १८ नोव्हेंबर, सकाळ

आज गाडी सरळ उभी होती! चारही बाजूंनी! लुबोवाने हवा ठासून दिली असणार, दिवसभरापुरती. म्हणजे लवेरापर्यंत पुरेल न पुरेल.

टोपल्या, साखरेच्या गोण्या, आत्याबाई, दोन मावश्या — सगळं आत कोंबलं, मला जागाच उरली नाही. नाकिमेराला म्हटलं, "मागे डावीकडे बसू नकोस." ती हसली आणि तिथेच बसली. खिडकी हवी ना बाईसाहेबांना! मी यांच्या पांढऱ्या पायघोळ कांझूची बाही धरली. "हळू चालवा." "हं," एवढंच.

दुपार

फोन कुणी उचलत नाही. नालोंगो सांगून गेली, लवेराला ट्रक उलटलाय, रस्ता तुंबलाय. कुठली गाडी सापडली ते तिला माहीत नाही. मग सांगायला आलीस कशाला बाई!

मशीन चालवत बसलेय. आत्ता बघितलं, दोराच ओवलेला नाही.

संध्याकाळ

फोन आला! नाकिमेराचा! मला हुंदकाच फुटला, ती ओरडतेय, "आई, रडतेस काय, ऐक तर!"

तिनेच सगळं सांगितलं. कालुंगूला नवरीच्या दारात गाडी थांबली. सगळे टक लावून — आता टेकेल, मग टेकेल. हे बटणाला हातच लावेनात. गर्दीतून कुणीतरी बोललं, "का हो, आज गाडीला माज आला वाटतं?" तेव्हा हे खाली उतरले, कांझू सावरला आणि सगळ्यांसमोर लाल मातीत दोन्ही गुडघे टेकले. म्हणाले, "हिला लोखंडी स्प्रिंगा घातल्यात. ही आता टेकायची नाही. हिच्या वाटचं मी टेकतो."

रविवार, १९ नोव्हेंबर

सकाळी चहा घेऊन गेले. गुडघे टेकायला लागले तर यांनी कोपराला धरून थांबवलं. "राहू दे. कंबर धरलीय ना तुझी? आई म्हणत होती."