माझी सही मिळणार नाही

व्हर्नन,

गोल्फहून आलास की फ्रिजमधलं सूप गरम करून घे. मी विमानतळावर चालले आहे, मिनेसोटाला आपल्या घरी.

काल या दमट उन्हात घेरी येऊन मी रस्त्यातच बसले. शेजारच्या ग्लॅडिसने घरी आणलं. तू खेळ संपवूनच आलास, आणि वर म्हणालास, "होईल सवय. फ्लोरिडात सगळ्यांना होते." दोन उन्हाळे भाड्याने राहून पाहिलं. मला नाही झाली.

दुपारी घरांचा एजंट सह्या घ्यायला येईल. म्हाताऱ्यांच्या या वसाहतीत तू खुशाल घर घे. पण त्यासाठी मिनेसोटाचं आपलं घर विकावं लागेल, आणि त्यावर मी सही करणार नाही.

माझं तिकीट एकाच बाजूचं आहे. तुझंही काढू का, ते फोन करून सांग.

मार्लिस