आबांची झडप, जितूच्या कॅप्सूल

१ डिसेंबर, रविवार. सावदा

आबांच्या सीटीचा रिपोर्ट आला. हृदयाच्या शिरांत कॅल्शियम, भरपूर. डॉ. म्हणाले, इतकी वर्षं रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यानंही होत असावं. आबांनी काही विचारलं नाही. जितूनं विचारलं, म्हणून जेवताना मीच समजावलं. शिरांच्या भिंतीत एक प्रोटीन असतं, ते कॅल्शियमला आत बसू देत नाही. त्याला कामाला लावायला व्हिटॅमिन के लागतं. आबांची गोळी नेमकं के अडवते, म्हणून तर त्यांच्या हृदयातल्या धातूच्या झडपेवर रक्त गोठत नाही. झडप सांभाळायची तर शिरा... जाऊ दे. गोळी सोडता येत नाही, एवढं खरं. जितू कधी नव्हे ते कान देऊन ऐकत होता. धाकटा भाऊ चाळिशीला आला, मला वाटलं शहाणा झाला.

५ डिसें. धुळे

प्रॅक्टिकल चालू असताना जितूचा फोन. "ताई, के-टू! कॅप्सूल मिळते. शिरांतलं कॅल्शियम काढून हाडात नेते." कुणाच्या तरी हाताखाली एजन्सी घेतली म्हणे. मोबाईलचं दुकान झालं, केळी वेफर्सचा कारखाना झाला, आता हे. सांगितलं, शिरा खरंच मोकळ्या होतात हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि आबांना तर अजिबात द्यायची नाही. के पोटात गेलं की गोळीचा असर जाणार, झडपेवर गुठळी, माणूस हातचा जाणार. "हो ताई, हो ताई." जितू दोनदा हो म्हणाला की त्यानं ऐकलेलं नसतं.

आबांनाही फोन केला. "हाव, हाव. समजलं." ठेवलासुद्धा.

८ डिसें., रवि. भुसावळ

जितूचा कार्यक्रम, कॅप्सूल खपवायचा. हॉल भरलेला. अंगात कोट. पडद्यावर हृदय, आणि त्याच्या तोंडी माझीच वाक्यं, जशीच्या तशी. "माझी सख्खी बहीण ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, तिनंच मला हे प्रोटीन समजावलं." माना वळल्या माझ्याकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबा पहिल्या रांगेत, नवी टोपी घालून. टाळ्या वाजवत होते. माझा एमएस्सीचा निकाल लागला तेव्हा केळीला पाणी भरत होते. तिथूनच म्हणाले, "बरं झालं." आज टाळ्या. मला राग आला. हेवाही वाटला, कुणापासून लपवायचं इथे.

मग जितूनं त्यांना वर बोलावलं. माईक हातात दिला. "पोरानं औषध दिलं, आता मले जिना चढता येतो." टाळ्या. मोबाईलवर शूटिंग.

बाहेर गाठलं. "आबा, तुम्ही घेताय त्या कॅप्सूल?"

"दोन-चारच घेतल्या वं. लोकाइसमोर पोराचं नाक खाली जाऊ देऊ का मी?"

"आता बंद?"

"बंद."

१५ डिसें.

आबांचा व्हिडिओ आमच्या स्टाफच्या ग्रुपवर आला. पाटील मॅडम विचारतात, मिळतील का दोन डब्या. काय सांगणार? सांगितलं, घेऊ नका. म्हणाल्या, वडिलांना तर गुण आला की! आबांची महिन्याची रक्ततपासणी राहिली आहे. त्यावरून कळलं असतं गोळी लागू पडतेय की नाही. जितू म्हणतो पुढच्या आठवड्यात. मागच्या आठवड्यातही हेच म्हणाला होता.

सासूबाईंकडे मन मोकळं केलं. त्या मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "आंडोर शे तो. आंडोरनं बठ्ठं गोड लागस." ह्या घरातही आंडोराचंच, मुलाचंच, सगळं गोड, त्यांना माहीत असणारच. मीही मटार सोलायला बसले.

२२ डिसें., रवि. सावदा

मळ्यात भरीत. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, मी स्वतः ठेचली. कांद्याच्या हिरव्या पातीत के असतं, म्हणून आबांपुरतं बिनपातीचं वेगळं काढलं. बेचव लागतं, पण कुरकुर न करता खाल्लं. शेजारी बसले की झडपेची टिकटिक ऐकू येते, आज भोवती गलका फार. कॅप्सूलचं विचारलं. "बंद म्हंतलं ना!" तपासणी? "जितू नेईल." मीच नेते म्हटलं तर रागावले. पाहुणे बसलेले, मी वाढायला उठले. भरीत झकास झालं होतं, सगळे म्हणाले.

३० डिसें. धुळे

सकाळी जितूच्या बायकोचा, सुनीताचा फोन. कुजबुजत बोलत होती. आबांना धाप लागते. आणि, "ताई, त्यांची टिकटिक ऐकूच येत नाही." म्हणजे झडप अडकत होती. जितूला सांग, आत्ता, आत्ताच्या आत्ता जळगावला न्या. ह्यांनी गाडी काढली.

तोच दिवस, जळगाव. दवाखाना.

झडपेवर गुठळी. एक पाकळी हलत नाही. रक्ताचा रिपोर्ट गोळी न घेणाऱ्या माणसासारखा. आयसीयू. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय बदल झाला? मी तोंड उघडणार, तोवर आबाच म्हणाले, धापा टाकत, "पोरीनं भरीत केलं व्हतं. पात व्हती त्यात. जास्त खाल्लं."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला एवढं कळू नये?"

जितू भिंतीला टेकून उभा. बघत होता खाली.

मी दहा मिनिटं जिन्यात बसून रडले. मग केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. सांगायलाच हवं होतं. उद्या आबा घरी गेले की पुन्हा तीच डबी उघडणार.

३१ डिसें.

गुठळी विरघळवायचं इंजेक्शन चालू. डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो, सही मी केली. डॉक्टरांनी जितूला समोर उभं करून झाडलं. आबांच्या देखत. सुनीतानं घरी कपाट बघितलं, डबी जवळजवळ रिकामी. म्हणजे रोज घेत होते. मला "बंद" म्हणत म्हणत रोज.

जितू कॅन्टीनमध्ये भेटला. डोळे सुजलेले. "ताई, मी स्वतः पण घेतो. मी त्यांना मारायला देईन का? अर्धं तर तूच सांगितलं होतं." अर्धं मी सांगितलं होतं, हे खरंच आहे. उरलेलं अर्धं त्याला नको होतं. चहा मीच आणला, दोघांसाठी. भाऊ आहे.

२ जाने.

पाकळी हलू लागली. थोडी. डॉ. म्हणतात, वाचले, पण पुन्हा असं झालं तर ऑपरेशन, आणि ह्या वयात, अशा शिरांत...

आबा माझ्याशी बोलत नाहीत. नर्सकडे पाणी मागतात. मी उशी सारखी केली तर मान फिरवली. संध्याकाळी एकदाच बोलले, "माह्या पोराची चार लोकांत काय इज्जत ठेवली तू?" माझी किती ठेवली होती, आबा? विचारलं नाही. आयसीयूत कसं विचारायचं.

६ जाने.

उद्या सुट्टी. धुळ्याला चला म्हटलं, दवाखाना जवळ, मी गोळी देईन, तपासणीला नेईन. नाही. सावद्यालाच जायचं. जितू त्यांची पिशवी भरत होता.

तो औषधं आणायला खाली गेला तशी कॉटपाशी बसले. हात हातात घेतला. काढून घेतला नाही, बरं वाटलं. म्हटलं, "आबा, मला काही नको. एवढं एक म्हणा. त्या कॅप्सूल पुन्हा घेणार नाही."

छताकडे बघितलं. मग म्हणाले,

"जितूले इचारून सांगतो."