कुणाच्या हातचं सील

१२ नोव्हेंबर

"गावाकडचं काम बंद करा!" राजेंद्र सरांचं आज तेच पालुपद. ते चाकणच्या गाड्यांच्या कंपनीत खरेदी बघतात. आमचं निम्म्याहून जास्त काम त्यांचं, त्यामुळे ऐकावं लागतं.

त्यांच्या विजेवरच्या गाड्यांच्या बॅटरीला लागणारी रबरी सील आमच्या तळेगावच्या कारखान्यात होतात. कडेचं जादा रबर कापायला माल शिरगावला जातो – अंबूबाई आणि तिच्या बायका घरी बसून कापतात. आता कंपनीला प्रत्येक सीलची कुंडली हवी. रबर कोणत्या गोणीतलं, दाबून घडवलं कोणत्या प्रेसवर, कापलं कुणी. "घरोघर फिरणाऱ्या मालाचा माग लागणार कसा? कापायचं मशीन घ्या, मोकळे व्हा."

गंधारही म्हणाला, "आई, मशीन घेणं सोपं आहे."

आहेच सोपं. पण माझा नवरा, श्रीपाद, गेला त्या महिन्यात कारखाना चालू राहिला तो या बायकांमुळे. मी घरात बसून होते आणि त्या माल वेळेवर पाठवत होत्या.

१४ नोव्हेंबर

मालाची नोंद करणारा स्कॅनरच शिरगावला नेला तर? गंधार हसेल वाटलं. हसला नाही. ताट बाजूला सारून कागदावर रेघोट्या मारत बसला!

२० नोव्हेंबर

अंबूबाईच्या ओसरीवर सगळ्या जमल्या. गंधारने दाखवलं – पेटीवर स्टिकर, मोबाईल समोर धरायचा, टिंग वाजलं की झालं.

अंबूबाईने सरळ विचारलं, "ताई, आमच्यावर नजर ठिवायला हाय व्हय हे?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "हो मावशी. पण माझ्यावरही. माझ्या प्रत्येक प्रेसलाही असंच स्टिकर लागणार."

तिने स्टिकर उलटसुलट करून पाहिलं. मग – "समद्यांवर असंल तर आमी बी तयार. येकट्या गरिबावर नगं."

२८ नोव्हेंबर

गुरुवार. शिरगावच्या साईमंदिरात दर्शनाला ही गर्दी – नेटवर्क गुल! एक पेटी स्कॅन होईना.

२९ नोव्हेंबर

गंधारने तोड काढली. नेटवर्क नसलं तरी मोबाईल नोंद धरून ठेवतो, आलं की पाठवतो. माझा मुलगा!

१६ डिसेंबर

सुरळीत चाललंय. राजेंद्र सर फक्त "बघू" म्हणाले.

९ जानेवारी

सकाळीच चाकणहून राजेंद्र सरांचा फोन. सील दाबली की चपटीच राहतायत. "सांगत होतो ना! गावच्या बायकांचे हात! सगळा माल परत घ्या." सगळा माल परत म्हणजे ही कंपनी गेली. शिरगावही गेलं.

गंधारने कॉम्प्युटर उघडला. खराब सील वेगवेगळ्या घरांत कापलेली. पण निघाली सगळी एकाच प्रेसवरून, एकाच सकाळी. आमच्याच प्रेसवरून! प्रेसच्या नोंदीत दिसलं – त्या सकाळी हीटर अर्धवटच तापला होता, रबर कच्चं राहिलं. बायकांचा काडीचा संबंध नाही.

गंधार हळूच म्हणाला, "आई, आपलीच चूक आहे हे सांगायचंच का त्यांना?"

म्हटलं, "लपवायची सोय ठेवलीय कुठे आपण?"

फोन केला. दोष आमच्या प्रेसचा आहे, अमुक पेट्या बाजूला काढा, बाकी माल बिनधास्त वापरा. मग राजेंद्र सर म्हणाले, "एवढ्याच पेट्या? नक्की?"

"नक्की."

संध्याकाळी त्यांचाच फोन. बाकीचा माल तपासला, चोख निघाला. त्यांचं काम थांबलं नाही. माझी मान ताठ होती.

१० जानेवारी

शिरगावला स्वतः गेले. "मावशी, नाव तुमचं आलं होतं. चूक आमची निघाली."

"फोनवर बी सांगितलं असतं तरी चाललं असतं," अंबूबाई म्हणाली. पण शेजारणीला हाक मारून तिने मला ते पुन्हा सगळं बोलायला लावलं!

२४ जानेवारी

राजेंद्र सर आज शिरगावात! ओसरीवर मांडी घालून बसले. अंबूबाईने त्यांनाच स्कॅन करायला लावलं – "सायेब, मोबाईल उलटा धरलाय तुमी."

निघताना मला म्हणाले, "आमच्या बाकीच्या पुरवठादारांना हे दाखवाल का?" गाडीत मी आणि गंधार उगीचच हसत होतो. श्रीपाद हवा होता आज.

१७ फेब्रुवारी

अंबूबाई ऑफिसात आली. आजवर दारातूनच बोलायची – आज समोरची खुर्ची ओढून बसली.

"ताई, आमी बायकांनी मिळून आपलीच कंपनी काढलीया. दुसऱ्या दोन कारखान्यांचं काम बी आलंय. तुमचं आदी करू. पन हितनं म्होरं भाव आमी सांगनार."

मी उठले, दार लोटलं आणि म्हटलं, "बोला, अंबूबाई. काय भाव आहे तुमचा?"